डिकीकाका आणि पुढची सीट

डिकीकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? गिऱ्हाइकाला आधी दिसायची ती गाडीची उघडी डिकी आणि तिच्यातून बाहेर आलेले दोन पाय. बाकीचे काका आत, अँप्लिफायरपाशी, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. मग असं नाव पडायला कितीसा वेळ लागतो?

गाड्यांमध्ये गाण्याची मशिनं बसवायची हा त्यांचा धंदा. "बसवायला काय, कोणीही बसवतो," काका म्हणायचे, "खरं काम त्यानंतर." अँप्लिफायरवर चिमुकले स्क्रू असतात. एका स्क्रूनं फक्त जाड आवाज मागच्या मोठ्या वूफरकडे पाठवायचे, दुसऱ्यानं तेच जाड आवाज पुढच्या छोट्या स्पीकरांपासून लांब ठेवायचे, नाहीतर ते बिचारे खरखरून मान टाकतात. उरलेले लेव्हलचे, म्हणजे कोणी किती मोठ्यानं बोलायचं ते ठरवणारे. गिऱ्हाइकाला यातलं काही नको असतं. "काका, सगळं फुल्ल करून टाका," एवढंच. की काकांचं डोकं फिरलंच. "घरात सगळे एकदम ओरडले तर तुला बरं वाटतं का रे?"

आता अडचण अशी, की स्क्रू असतात डिकीत आणि ऐकायची जागा स्टिअरिंगमागे. एका माणसाला दोन्हीकडे असता येत नाही. काकांचा संसार या अडचणीतूनच उभा राहिला, बरं का.

तरुणपणी एक जण गाडी घेऊन आला, सोबत धाकटी बहीण. काकांनी मन लावून काम केलं, दादा खूश झाला. पुढच्या सीटवर बसलेली बहीण मात्र म्हणाली, "गाणारी माझ्या समोर आहे आणि ढोल वाजवणाऱ्याला तुम्ही डिकीत कोंडलंय. त्याला पुढे आणा की." काकांना रागच आला. ही कोण शहाणी लागून गेली? तरी डिकीत शिरून त्यांनी वूफरचा स्क्रू किंचित मागे घेतला. "अजून," ती म्हणाली. "अजून थोडं. हां, थांबा. आला पुढे." काका बाहेर आले ते पार कामातून गेलेले. पुढे मागणी घालायला गेले तेव्हा दादानं विचारलं, "हिच्यात काय आवडलं?" काका म्हणाले, "कान."

लग्नानंतर काकू रोज दुपारी दुकानात यायच्या. स्टिअरिंगमागची पुढची सीट त्यांची. गाणं ठरलेलं, जुनं, एक बाई आणि एक ढोल. "अहो, वाढवा." "थांबा." "अहो, आत डोळा लागला का तुमचा?" जमलं की काकू उतरायच्या, पर्समधून नेलपॉलिश काढायच्या आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी स्क्रू फिरू नये म्हणून त्यावर ठिपका द्यायच्या, एका फटक्यात. बाटली संपली की रंग बदलायचा. जुनी गाडी दुरुस्तीला आली की काका ठिपका बघून काळ सांगायचे. "हा गुलाबी, म्हणजे आपली पोरगी तेव्हा रांगत होती. आणि हा लाल गं, तेव्हा तू माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हतीस." काकू डोळे वटारायच्या. किती सुखाचे दिवस होते ते.

मग मागच्या वर्षी गाड्या परत यायला लागल्या. "काका, डोकं दुखतं हो, कानात सुई टोचल्यासारखं होतं." बारीक, टोकदार आवाज काढणाऱ्या छोट्या ट्वीटरांची लेव्हल फार चढलेली असायची. काकांनी आधी मशिनला शिव्या घातल्या. पण एकदा काकू पुढे बसल्या असताना त्यांच्या मांडीवरच्या पर्समध्ये मोबाईलचा बारीक गजर वाजत राहिला. काकांना तो डिकीत ऐकू आला. काकूंना आला नाही. दोष मशिनचा नव्हता तर.

सांगायचं कसं? सांगितलं तर काकू घरी बसणार, आणि पुढची सीट रिकामी ठेवून डिकीत शिरायचं ही कल्पनाच काकांना सोसवेना. म्हणून ते गप्प राहिले. काकू घरी गेल्या की ठिपका खरवडायचे, मध्येमध्ये गाडीच्या दाराशी येऊन ऐकत लेव्हल खाली आणायचे आणि गुपचूप आणलेल्या बाटलीतून नवा ठिपका द्यायचे. पुढच्या सीटवर तेव्हाही बसले नाहीत. ती काकूंची होती.

परवा दादाचीच ती पहिली गाडी आली. नवा अँप्लिफायर बसवायचा होता. काकू नवीन साडी नेसून आल्या. वूफर जमला, मग ट्वीटर. "अजून," काकू म्हणाल्या. काकांनी वाढवलं. "अजून." आता आवाज टोचायला लागला होता. तिसऱ्यांदा "अजून" आलं तेव्हा काकांनी स्क्रू तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "झालं गं."

काकू उतरल्या. डिकीपाशी आल्या.

"फिरवलाच नाहीत ना?"

काका स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले.

"मागच्या महिन्यात ती पांढरी गाडी दुसऱ्या कामाला परत आली होती," काकू म्हणाल्या. "तिच्यातला ठिपका बघितला मी. माझा एका फटक्यात असतो. तो म्हणजे चिखलाचा गोळा होता. अहो, मला काय कळत नाही? तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत होते."

"तू यायची बंद झाली असतीस," काका म्हणाले. "मला नाही करवत एकट्याला."

काकूंनी त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, पदर खोचला आणि डिकीत वाकल्या. "जा, पुढे बसा. तुम्ही सांगा, मी फिरवते."

काका संकोचत स्टिअरिंगमागे बसले. गाणं सुरू झालं आणि ते बघतच राहिले. बाई थेट समोर होती, काचेपाशी, आणि तिच्या शेजारी ढोलवाला. जन्मभर त्यांनी हेच गाणं डिकीत डोकं घालून ऐकलं होतं. काकू इतकी वर्षं इथे बसून काय ऐकत होत्या, ते त्यांना आज कळलं. टोचणारा आवाज हळूहळू मऊ झाला, बरोबर जागेवर आला, मग त्याच्याही खाली गेला. काकांना "थांब" म्हणायचं सुचलंच नाही.

"अहो," मागून काकू म्हणाल्या, "झोपलात का पुढे? कंबर मोडली माझी."

"थोडं वर घे," काका डोळे पुसत म्हणाले. "हां. थांब."

काकूंनी ठिपका दिला.