झऱ्यातलं मीठ

जमिनीखाली पाणी किती तापलेलं आहे, ते खाली न उतरता सांगायचं, हे माझं काम. गरम झऱ्याचं पाणी वर येता येता निवतं, पण खालच्या खडकातून विरघळवून आणलेले क्षार तितक्या लवकर बदलत नाहीत. त्यांच्यावरून हिशेब बांधायचा. सिलिकावरून एक, सोडियम-पोटॅशियमच्या प्रमाणावरून दुसरा. दोन्ही जवळपास आले की जीव भांड्यात पडतो.

शहाद्यापलीकडच्या डोंगरपायथ्याच्या झऱ्यानं मात्र मला पार वैताग आणला. सिलिका म्हणे खाली चांगलंच तापलंय. सोडियम म्हणे छे, कोमट. यंत्राला शिव्या घातल्या, बाटल्या पुन्हा धुतल्या. तरी तेच.

दर वेळी आई सोबत यायची. आबा, माझे वडील, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. त्यांना अंघोळ घालायला ती तिथलं पाणी कॅनमध्ये भरून घरी, प्रकाशा गावी न्यायची. एकदा मी गाळणी जोडून मागे वळले, तर पाणी उगम पावतं नेमकं तिथेच ती मूठ सोडत होती. खडेमीठ. नवसाचं. ते विरघळतं तसं दुखणंही विरघळतं, अशी तिच्याकडची समजूत. आणि तेच मीठ, म्हणजे सोडियमच, माझ्या बाटलीत येत होतं.

"अगं आई, सगळं काम नासवलंस की माझं."

"तुन्हा बापकरता टाकं," ती म्हणाली. "त्यामा काय बिघडनं?"

"निदान मला आधी पाणी भरू दे."

"देवना पहिले तुन्ही बाटली?"

आता हिच्याशी कोण डोकं लावणार? मी चिडले, मग मला हसूही आलं. पुढे मी हट्टच सोडला. आबा उठून चालणार असतील तर माझा एक झरा चुकला तरी चालेल, असं मलाही वाटायला लागलं होतं.

आबा उठले नाहीत. उन्हाळ्यात गेले.

दिवाळीनंतर आम्ही दोघी पुन्हा तिथे गेलो. आईनं कॅन आणला नव्हता. ती दगडावर पदर सावरून बसून राहिली, मी बाटल्या भरल्या. या वेळी तिच्या मुठीत मीठ नव्हतं.

प्रयोगशाळेत दोन्ही आकडे जुळले. पहिल्यांदाच. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "वा, आता पेढे काढा." मी मान हलवली आणि व्हरांड्यात जाऊन रडले. इतकं स्वच्छ पाणी मला नको होतं.