काढ्याची परीक्षा

आचोळ्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका एका रानमुळीचा काढा सगळ्यांना आग्रहाने पाजत. "कॅन्सर पन पलतो यानं," असं मांडीवर थाप मारून सांगत. मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून त्यांनी हौसेने मुळी तपासायला दिली.

काढ्याने काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या, पण निरोगी पेशीही तितक्याच मेल्या; म्हणजे ते औषध नव्हे, विषच. ते ऐकून काकांची मान खाली गेली.

वरच्या मजल्यावरच्या सुनंदाने काढ्याच्या भरवशावर केमो सोडली होती. काका अनवाणीच जिना चढले. तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "पोरी, मी खोटा पडलो. सकाली माझ्याबरोबर इस्पितलात चल."

"तुमच्या शब्दावर प्यायले हो, काका," ती म्हणाली.

सकाळी रिक्षात ते तिच्या शेजारी बसले, पण तिच्याकडे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.