नवसाचा पांढरा कोंबडा

पन्नास सालानंतर आमच्या मानोऱ्याकडे विलायती पांढऱ्या कोंबड्यांची अंडी मिळू लागली. काही वर्षांत माझ्याकडे त्या जातीचे तीन नर झाले. मोठा दिसायला राजबिंडा, पण त्याच्या सत्तावीस पिल्लांपैकी नऊ वाकड्या बोटांची निघाली. दोष रक्तात होता, म्हणून त्याला मी पैदाशीतून काढणार होतो. दुसरा परगावाहून आणलेला. त्याची पिल्लं सरळ पायांची, पण तो म्हातारा झाला होता आणि मांजराने त्याचा तुरा फाडला होता. तिसरा कोवळा नर त्याचाच मुलगा. पुढची पैदास मी त्याच्यावर ठेवली होती.

पुतणी गोवरातून उठली आणि त्याच आठवड्यात वहिनी अंगणात आल्या. पोर तापात बरळत होती तेव्हा त्यांनी मरीमायला पांढरा, अव्यंग कोंबडा कबूल केला होता.

मोठ्या नराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भाऊजी, हा द्या."

बायको दारात उभी होती. तिने मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. गप्प राहिलो असतो तर दोन्ही घरांचं भागलं असतं.

"वैनी, याची पिल्लं लंगडी निघून राह्यली. मी त्याले काढणारच होतो."

वहिनींनी हात मागे घेतला. "मंजे तुमाले नको ते मायच्या वाट्याले?"

"देवीले कोंबडा पायजे, जाऊबाई," बायको म्हणाली. "त्याची पिल्लं थोडीच पाळाची हायेत तिले?"

"तू नको बोलू. लेकरू माह्यं होतं."

फाटक्या तुऱ्याच्या नराकडे त्यांनी पाहिलंही नाही. जाळीमागच्या कोवळ्या नरापाशी जाऊन त्या खाली वाकल्या.

"अन् हा?"

"तो ठेवणीतला हाय."

"मनूनच इचारून राह्यली."

वाशीमच्या बाजारातून दुसरा आणून देतो, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "तो चांगला हाय का नाही, हे कोण सांगन? अन् पोरगी पुन्हा तापली तं मी काय समजू?"

मी मनात हिशेब करत होतो. अकरा कोंबड्यांपैकी चार मोठ्याच्या लेकी. कोवळा गेला तर सगळी भिस्त म्हाताऱ्यावर, आणि तो उन्हाळा काढेल याची खात्री नव्हती. वहिनी जाळीपासून हलायला तयार नव्हत्या. बायको आत निघून गेली.

मी जाळी उघडली. कोवळ्याला उचलून दोन्ही पायांची बोटं एकेक करून वहिनींना दाखवली. त्यांनी स्वतः पुन्हा चाचपली आणि त्याला पदराखाली धरून नेलं.

मोठा नर मी संध्याकाळीच कापला. सकाळी त्याच्या चारही लेकी वेगळ्या केल्या. त्यांची अंडी यापुढे खायला, उबवायला नाही. उरलेल्या सात कोंबड्यांत म्हाताऱ्याला सोडला.

बायको माठाजवळून बघत होती. "म्हातारा खाते तरी का बरोबर?" तिने विचारलं.

"खाते," मी म्हणालो, आणि तो दाण्यांवर पुन्हा टोच मारेपर्यंत तिथेच उभा राहिलो.