साडेतीन रात्रींचा घोळ

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे. हातात जादू आहे, डोकं मात्र बहुतेक मशीनच्या खणात ठेवून घरी येतो. मी त्याच्याच दुकानात काजं-बटणं करते, म्हणून मी हे बोलू शकते. दुसरं कुणी बोललं तर कात्री घेऊन धावेन.

कापड दुहेरी घडी घालून कापायचं, म्हणून अंगाचा घेर वहीत नेहमी निम्माच लिहायचा, हे त्याच्या उस्तादांनी लावलेलं वळण. छाती छत्तीस भरली की हा अठरा लिहिणार. आता तर हात आपोआप निम्मं लिहितो.

त्याचा काडीमोड झाला तेव्हा त्याच्या दोन्ही मुलींनी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे राहायचं ठरलं. मग पोटगी कार्यालयाचा फॉर्म आला: दोन आठवड्यांत मुली तुमच्याकडे किती रात्री असतात? पठ्ठ्याने ठोकून दिलं, साडेतीन!

निकाल आला. मुली मुख्यतः आईकडेच असतात, सबब पोटगी जवळजवळ दुप्पट. म्हणजे भाड्याची दुसरी खोली सोडायची, आणि दुसरी खोली तर मुलींचीच. त्यांनी झोपायचं कुठे, इस्त्रीच्या टेबलावर? मी आधी पोट धरून हसले, मग त्याला एक धपाटा घातला, मग फेरविचाराचा अर्ज लिहायला बसले. आकडे माझ्या हाताने लिहिले.

सुनावणीला मुलींची आईही आली होती. मला बघून सवयीने म्हणाली, "बऱ्या आहात ना, वन्सं?" ती नुसती गप्प बसली असती तरी वाढीव पैसे तिचेच होते.

"सात रात्रींना पुरावा काय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

भावाने मुलींच्या मापांची वही पुढे केली. बाईंनी पान उघडलं आणि चष्मा वर केला. "नऊ वर्षांच्या मुलीची कंबर अकरा इंच?"

"घडीवर, मॅडम! थांबा, दाखवतोच." हा गळ्यातली टेप काढून थेट बाईंकडे निघाला. मी शर्ट धरून मागे ओढला. तिकडे मुलींच्या आईला हसू आवरेना.

"मॅडम, हा माणूस असाच आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "फॉर्मवरही निम्मं लिहिलं असणार. मुली सातच रात्री असतात त्याच्याकडे. त्याच सात रात्री मी धड झोपते."

बाई बोट ठेवून मोजत गेल्या. सात तारखा, सात दिवसांची कोरी जागा, पुन्हा सात तारखा. "पण रोज माप कशाला घेता?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "मधल्या आठवड्यात त्या माझ्या नजरेआड वाढतात, मॅडम. किती वाढल्या ते कळायला नको?"

बाईंनी त्या पानांच्या नकला काढून घेतल्या.

आठवड्याभरात निकाल बदलून आला. खोली वाचली! भावाने दुकानातल्या पुतळ्याला मिठी मारून गिरकी घेतली आणि दोघेही गिऱ्हाइकाच्या पायाशी आडवे झाले.

रविवारी मुली आल्या. धाकटीने दप्तरातून एक कागद काढला. "बाबा, आईने दिलाय."

भावाने वाचला आणि किंचाळलाच. "ताई! कंबर बावीस! एका आठवड्यात पोरगी दुप्पट झाली!"

"अरे बावळटा, तिने पूर्ण माप लिहिलंय."

तो स्टुलावर बसला. कागदावर सात तारखा होत्या, दोघींची उंची होती, कंबर होती. एकही दिवस सुटला नव्हता. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग त्याने वही उघडली आणि कोऱ्या जागेत ती सगळी मापं उतरवून घेतली. एकही आकडा निम्मा केला नाही.