झेंडा टाकून धावलेला धुळा

धुळा जतकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली आणि पुढे तो आष्ट्याजवळच्या माळावर, विमान शिकवणाऱ्या एका संस्थेत राखणदार झाला. मुरमाच्या धावपट्टीवर जनावरं शिरली की कडेला उभं राहून लाल झेंडा हलवायचा, म्हणजे उतरणारा मुलगा विमान पुन्हा वर नेई. माझा भाऊ दादासो तिथे शिकत होता. तो उडायचा त्या दिवशी मी डबा द्यायच्या निमित्ताने कुंपणाशी जाऊन बसे.

"आक्का, वर बघू नगा," धुळा म्हणायचा. "मान अवघडती. उतरलं की म्या सांगतो."

त्या हिवाळ्यात त्याची बहीण हरणाबाई माळालगतच्या ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला आली होती. एका सकाळी दादासो एकटाच विमान घेऊन वर गेला. तो उतरायला वळला आणि हरणाबाईचा कळप पट्टीवर शिरला. धुळ्याने झेंडा टाकला आणि तो कळपापुढे धावला. मेंढरं मागून हाकायची नाहीत, पुढे होऊन साद घालायची, ही त्याच्या घरची रीत. कळप त्याच्यामागे पट्टीबाहेर निघाला. पण झेंडा न दिसल्याने दादासो खाली येतच राहिला. शेवटची मेंढरं दिसली तेव्हा चाकं टेकली होती. त्याने विमान बाजूला काढलं, ते चरात गेलं आणि पंख मोडला. दादासोच्या खांद्याचं हाड मोडलं, ते मिरजेला बसवलं.

मोठ्या साहेबांनी धुळ्याला विचारलं, झेंडा का टाकलास?

"झेंडा इमानासाठी, सायेब. मेंढरं झेंड्याला कुठं वळत्यात?"

साहेबांनाही हसू आलं. त्यांना त्याला काढायचं नव्हतं. पुन्हा झेंडा सोडणार नाही एवढं कबूल कर, नोकरी राहील, असं ते म्हणाले. घरी बायको दगडाबाई आणि दोन पोरं होती, स्वतःचं एकही मेंढरू उरलं नव्हतं. तरी धुळा म्हणाला,

"तेवढं सांगवत न्हाई. म्होरं मेंढरं दिसली की पाय आपुआप जात्यात."

नोकरी गेली. साहेबांकडे शब्द टाकतो, हे सांगायला दादासो हात गळ्यातल्या झोळीत घेऊन त्याच्या खोपटावर गेला. मी बरोबर होते. धुळा बिऱ्हाड बांधत होता. तो बहिणीच्या कळपाबरोबर निघाला होता.

"नगं, दादासो," तो म्हणाला. "तुमी वर असताना खाली म्या नसल्यालाच बरा."

दादासोने माझ्याकडे पाहिलं. माझंही तेच मत होतं.