शेंड्याचं पान किती टाकायचं

तीस वर्षं मी बिड्या वळल्या, पण त्यात भरायचा जर्दा कोण मिसळतं आणि कसा मिसळतं, हे मला एकदाही बघू दिलं नाही. अचलपूरच्या आमच्या कारखान्यात मिश्रणाची खोली वेगळी होती आणि तिच्यात फक्त पुरुष जायचे. आम्ही बाया दारात पिशव्या घेऊन उभ्या राहायचो, आतला माणूस जर्दा तोलून टाकायचा आणि आम्ही घरी जाऊन सूप मांडीवर घ्यायचो. जर्दा कधी नुसता जाळ असायचा, कधी नुसता पाला. बोटांना ते वळतानाच कळायचं. एकदा मी बोलले, की आजचा माल फार कोरडा आहे, ओढताना ठिणग्या उडतील. आतला माणूस म्हणाला, "बाई, तू बिडी वळ. जर्द्याचं आमाले समजते."

माझं तोंड फटकळ आहे, हे सासर आणि माहेर दोन्हींकडे मान्य आहे. माहेर अकोल्याचं, त्यामुळे सासरचे सगळा दोष अकोल्याच्या पाण्याला देतात. पण कारखान्यात तोंड उघडलं की चेकर छाट वाढवायचा, म्हणजे चांगल्या बिड्याही खराब ठरवून बाजूला काढायचा. म्हणून तिथे मी गप्प बसायला शिकले. राग मात्र गिळून गिळून पोटात तसाच राहिला.

पुढे कारखाना बंद पडला. आमच्या वस्तीतल्या बाया कुणी शेतात, कुणी शाळेच्या खिचडीवर गेल्या. मी दोन वर्षं घरी बसून नवऱ्याशी भांडले. मग परतवाड्यात टिनाच्या एका खोलीत एक साहेब आले. अमरावतीचे, आयुष्यभर मोठ्या हॉटेलांत नोकरी करून परत आलेले. त्यांना सिगार बनवायच्या होत्या आणि त्यासाठी बिडी वळलेले हात हवे होते. आम्ही चौघी गेलो.

पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर तीन सुकी पानं मांडली. तिन्ही तंबाखूचीच, तमिळनाडूतून आलेली, पण झाडाच्या तीन मजल्यांवरची. बुडाजवळचं पान पातळ, चटकन पेट घेणारं. मधलं वासाचं. आणि शेंड्याचं पान जाड, तेलकट, काळपट. सगळं ऊन त्यानंच खाल्लेलं असतं, म्हणून जोर त्याच्यात असतो, पण जळायला ते महाआळशी. या तिघांचा मेळ सिगारच्या पोटात बसवायचा, मग एका पानानं बांधायचं आणि शेवटी एक देखणं पान वरून गुंडाळायचं. त्या शेवटच्या पानाला मी पांघरूण म्हणायला लागले आणि आठवड्याभरात साहेबही तेच म्हणू लागले.

मी विचारलं, "साहेब, मिश्रण कोन करनार?"

"ज्याला जमेल तो."

बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघेपर्यंत माझा हात वर होता.

आणि पहिल्याच दिवशी मी माती केली. मिश्रणाच्या खोलीच्या दारातून मान लांब करून तीस वर्षांत जेवढं दिसलं होतं, तेवढंच मला माहीत होतं. आतला माणूस पानं चुरायचा, चाळायचा, ढीग करायचा आणि वरखाली करायचा, म्हणजे प्रत्येक चिमटीत सगळं सारखं येतं. पानं दाखवून साहेब अमरावतीला गेले होते. मी तिन्ही प्रकारची पानं घेतली, हातांनी कुस्करली, चाळणीतून काढली आणि सुपात असं काही सुरेख मिश्रण केलं की माझं मलाच कौतुक वाटलं. संध्याकाळी साहेब आले आणि सुपाकडे बघून खुर्चीत बसले.

"ताई, ही पानं मोडायची नव्हती हो. सिगारमध्ये पान अख्खं जातं, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

आठवड्याची पानं होती ती. मी म्हटलं, "आमच्या बिडीत तर..." आणि तिथेच थांबले. साहेब ओरडणारे नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. म्हणाले, चिखलदऱ्याला एकांची कॉफीची बाग आणि मुक्कामाची जागा आहे, ते पंधरा दिवसांनी सिगार बघायला येणार आहेत. आवडली तर काम सुरू. "तोवर तुम्हाला मिश्रण जमलं तर ते तुमचं. नाही तर मी बाहेरून माणूस आणतो आणि तुम्ही वळायला बसा."

माणूस म्हणाले ते. पुरुषच येणार होता, हे सांगायची गरज नव्हती. रस्त्यानं घरी येताना मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला. पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहून पदरी पडेल ते वळायचं, हे मला आता होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुढच्या आठवड्याची पानं काढून दिली, ती मी अख्खी ठेवली. अडचण वेगळीच निघाली. साहेबांना डॉक्टरांनी धूर बंद केलेला, आणि आम्ही चौघींनी जन्मात बिडीचा झुरका घेतलेला नाही. हजारो हजार बिड्या वळल्या, ओढली एकही नाही. तर मग सिगार ओढून बघणार कोण? माझा नवरा. तो आनंदानं तयार झाला. संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून, पाय हलवत, जहागीरदार असल्यासारखा ओढायचा.

"कसं आहे?" मी विचारायची.

"मस्त."

दुसरी दिली, तीही मस्त. तिसरीत मी मुद्दाम नुसती बुडाची पानं भरली, चुलीत घालायच्या लायकीची. तीही मस्तच. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्याची जीभ चामड्याची झाली आहे, तिला काय कळणार. मी म्हटलं, "तुमाले कडू, गोड काई समजते का?" तर म्हणतो, "फुकटचं आहे, कडू काहून लागन?"

एका गोष्टीला मात्र तो उपयोगी पडला. त्याच्या हातात सिगार जळताना मला दिसायची. पहिल्या दोन एका बाजूनंच जळत गेल्या. एक कड अर्ध्यावर पोचली तरी दुसरी जागची हलेना. मी एक विझवली, पोट उभं फाडलं आणि बघितलं. न जळलेल्या बाजूला शेंड्याचं पान पडलं होतं. मी ते नीट मोजून घातलं होतं, पण कुठे घालायचं याचा विचारच केला नव्हता. बिडीच्या जर्द्याच्या ढिगात कुठल्या पानाला ठरलेली जागा असते? त्या आळशी पानाला मध्ये ठेवायला हवं होतं, भोवती बुडाची पानं, म्हणजे चहूबाजूंनी आच लागून ते मुकाट जळेल. पुढची तशी बांधली. सरळ जळाली. राखही बोटभर टिकून राहिली. मी खाटेशेजारी उभी राहून एकटीच हसले आणि नवरा म्हणाला, "काय झालं वं तुले?"

जागा कळली, पण किती घालायचं ते कळेना. शेंड्याचं एक पान घालावं, की दीड, की अर्धं? नाक लावून लावून मी थकले. पान कच्चं असताना नाकाला सगळं सांगतं, पण जळल्यावर तोंडात काय होतं ते नाकाला कुठलं ठाऊक? आणि चव विचारायला माझ्याकडे होतं कोण, तर सगळ्याला मस्त म्हणणारा माणूस.

शेवटी चार दिवस उरले तेव्हा एका दुपारी, बाकीच्या जेवायला घरी गेल्यावर, मी खोलीची कडी आतून लावली. खिडकीही लावली. मग सिगार पेटवली.

तंबाखूचं काम काही पुण्याचं नाही, हे मला कळतं. जर्द्याच्या धुळीनं माझी स्वतःची छाती घरघरते. पण त्या दुपारी मला आरोग्याची भीती वाटली नाही, वाटली ती वस्तीची. पन्नाशीची बाई दार लावून सिगार ओढते, हे कळलं असतं तर विहारात माझ्या शेजारी कुणी बसलं नसतं. पहिल्या झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी वाहिलं. धूर गिळायचा नसतो, तोंडात फिरवून सोडायचा असतो, हे साहेबांनी सांगितलेलं नंतर आठवलं. मग सोडायला लागले. आणि तोंडात आधी भाजल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी आलं, मग गरम, मग अर्ध्यावर गेल्यावर जिभेच्या मागे कडू जहर. डोकं गरगरलं. ती शेंड्याचं अख्खं पान घातलेली सिगार होती.

मी पाणी प्याले, गुळाचा खडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी अर्धं पान घातलेली ओढली. ही शेवटपर्यंत नरम राहिली. तिसऱ्या दिवशी अजिबात न घातलेली ओढून बघितली, तर नुसता कोमट धूर, काही नाही. तीन दुपारींत मला जे कळलं, ते तीस वर्षांत कुणी कळू दिलं नव्हतं. त्या रविवारी विहारात मागे बसलेल्या बाईनं नाक ओढून विचारलं, "काही जळून राहिलं का वं?" मी म्हटलं, चुलीचा वास असेल. सरळ खोटं बोलले, तेही बुद्धाच्या मूर्तीसमोर.

चिखलदऱ्याचे गृहस्थ आले ते सकाळी. उंच, कमी बोलणारे. आल्याआल्या साहेबांनी दिलेली कॉफी एक घोट घेऊन बाजूला ठेवली. ही जीभ चामड्याची नव्हती. मग त्यांनी अर्ध्या पानाची सिगार पेटवली आणि खुर्ची दारात ओढून बसले. आम्ही चौघी पाटावर बसून हात चालवत होतो, पण एकीचंही लक्ष हातात नव्हतं. नवराही काहीतरी निमित्त काढून दाराशी येऊन उभा होता. ते गृहस्थ अर्ध्यापर्यंत पोचले. राख पडली नाही. अर्ध्याच्या पुढे गेले तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"चांगली आहे," ते साहेबांना म्हणाले. "सरळ जळते. पण माझ्या पाहुण्यांना थोडा जोर लागतो. ते जाड पान अख्खं टाका, म्हणजे झालं."

माझे हात थांबले. आता साहेब हो म्हणणार आणि झालं, असं मला वाटलं. गिऱ्हाईक सांगतं, मालक मान हलवतो, बाई वळते. असंच बघत आले होते मी.

साहेब म्हणाले, "ते मला विचारू नका. मिश्रण त्यांचं आहे."

आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. गृहस्थ वळून बघायला लागले. सगळेच बघायला लागले. मला काहीतरी आदबीचं बोलायचं होतं, पण तोंडातून आपलं नेहमीचंच निघालं.

"अख्खं नाई टाकत मी. अख्ख्यानं अर्ध्यावर जीभ कडू होते."

"तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी खरंच विचारलं, हेटाळणीनं नाही.

शेजारच्या तिघी होत्या, दारात नवरा होता. मी म्हटलं, "मी ओढून पाह्यली. तीन दिवस."

एकीच्या हातातलं पान खाली पडलं. नवऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच. मला मात्र काहीच झालं नाही. लाज वाटेल असं वाटलं होतं, ती आलीच नाही. उलट मान आपोआप ताठ झाली.

"अर्ध्यावर पाव वाढवतो," मी म्हटलं. "आनि बुडाचं एक जास्तीचं देतो, म्हंजे जोराले आच भेटन. त्याच्यावर नाई."

गृहस्थांनी हातातल्या सिगारकडे बघितलं, मग माझ्याकडे. "करा," म्हणाले.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, वही उघडली आणि मला विचारलं, "पाव म्हणजे नक्की किती, ताई?" मी उठले, त्यांच्या टेबलाशी गेले आणि शेंड्याचं एक पान उचलून, कुठे कापायचं ते त्यांना बोटानं दाखवलं.