चार्जिंग पॉइंटला मी दिलेला नकार

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मी अकरा वर्षं सचिव होतो. सभा संध्याकाळी असे आणि तिचं इतिवृत्त मी दुपारीच लिहून ठेवत असे. ठराव बहुधा मी म्हणेन तसेच होत, त्यामुळे कुणाला ते खटकलं नाही.

चौथ्या मजल्यावरची मुलगी मानपाड्याच्या कारखान्यांत जेवणाचे डबे करून पोचवते. त्यासाठी तिने विजेवरची स्कूटर घेतली. बॅटरी काढून घरी नेता येत नव्हती, म्हणून पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मिळावा असा तिने अर्ज केला. मी वायरमनला बोलावलं. मीटर पाहून तो म्हणाला, "काका, जाड केबल ओढली की झालं. दोन दिवसांचं काम. फक्त तुमची ती जुनी स्कूटर भिंतीपासून हलवा."

ती स्कूटर पाच वर्षं बंद होती. तरी जागा सोडायचं माझ्या जिवावर आलं. मी लिहिलं, 'तज्ज्ञाच्या मते वायरिंग हा भार सोसणार नाही. आगीचा धोका. अर्ज नामंजूर.' आगीचं नाव ऐकून सभेत कुणी काही विचारलं नाही.

मग वर्षभर ती रोज संध्याकाळी स्कूटर कल्याणला बहिणीकडे चार्जिंगला लावून बसने परतायची आणि सकाळी पुन्हा आणायला जायची. एकदा जिन्यात म्हणाली, "काका, स्कूटर विकतेय. डबेही बंद करणार. तुम्ही तरी काय करणार, वायरिंगच जुनी." तिने दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या सभेला मी कोरी वही घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. माझ्या शेजारी बसलेले एक जण म्हणाले, "म्हणजे आग फक्त तुमच्या वहीत लागली होती." लोक हसले. ती हसली नाही.

"वर्षभर मी साडेतीनला उठून डबे करतेय," ती म्हणाली. "हे पण लिहा, काका."

मी लिहिलं, आणि त्याच सभेत सचिवपद सोडलं. आठवड्यात पॉइंट बसला. स्कूटर विकली गेली नाही, डबेही चालू राहिले.

आता आणखी सहा अर्ज आलेत. एवढ्यांना मात्र आहे ती वीज खरंच पुरणार नाही, वाढीव भार मंजूर करून घ्यावा लागेल. वीज कार्यालयाच्या खेपा मी मागून घेतल्यात. काल तिकडे निघताना ती फाटकाशी भेटली.

"काका, साहेब काय म्हणतात ते या वेळी लेखी आणा."

"आणतो," मी म्हटलं.